वारजे ते दासगाव : एका जुन्या मोटारसायकलीचा प्रवास

मुंबई-बंगळूर महामार्ग वारज्यात पुलावरून जातो आणि वारजे पुलाखालून चालते. वर रात्रंदिवस ट्रकांची रांग. खाली भाजीवाले, रिक्षा, शाळेची पोरे, कामावर निघालेल्या बाया. पुलापलीकडे माळवाडी, मग शिवणे, उत्तमनगर, कोंढवे-धावडे आणि त्यापुढे डोंगर. १९९७ साली वारजे पुणे महानगरपालिकेत आले. त्याआधी ते हवेली तालुक्यातले मुठेकाठचे एक गाव होते. आज येथे उंच इमारती आहेत, टेकडीवर वन विभागाने राखलेले झाडांचे वन आहे आणि टेकडीच्या उतारावर आमच्यासारख्यांची घरे आहेत. आमच्या वडिलांनी १९७२ च्या दुष्काळात गाव सोडले तेव्हा त्यांच्याजवळ एक सायकलही नव्हती. ते पुण्यात पायी कामाला गेले आणि पायीच परत आले.

या वारज्यात गॅरेजांना तोटा नाही. महामार्गाच्या कडेच्या सेवा रस्त्याने चालत गेलात तर पंक्चरवाला, वेल्डिंगवाला, टायरवाला, जुन्या गाड्यांचा व्यापारी असे एकामागून एक भेटतात. मी कारखान्यात फिटर म्हणून आयुष्य काढले, तरी या रस्त्याकडे कधी लक्ष देऊन पाहिले नव्हते. मुलीमुळे पाहावे लागले.

माझी थोरली मुलगी परिचारिकेचे शिक्षण घेऊन समुदाय आरोग्य अधिकारी झाली. तिची नेमणूक पानशेतच्या पलीकडच्या एका आरोग्य उपकेंद्रात झाली. घरात आनंद झाला, विहारात पेढे वाटले. पण पहिल्याच पावसाळ्यात प्रश्न उभा राहिला. उपकेंद्राखाली येणाऱ्या वाड्या डोंगराच्या कुशीत विखुरलेल्या. डांबरी रस्ता संपला की लाल माती, दगड, ओढा. सार्वजनिक गाडीची वेळ हिच्या कामाशी जुळेना. बाळंतिणीला पाहायला जायचे म्हणजे कोणाच्या तरी गाडीची वाट पाहायची, कोणाच्या तरी मागे बसायचे. एकदा ती स्कूटर घेऊन गेली, तर पोट दगडाला घासून परत आली. रात्री जेवताना ती म्हणाली, "पप्पा, मला डोंगरात चालेल अशी मोटारसायकल घ्यायची आहे. जुनी चालेल."

तिची आई लगेच म्हणाली, "मुलीच्या जातीला मोटारसायकल कशाला?" मी काही बोललो नाही. मला त्या रात्री झोप आली नाही, याचे कारण वेगळे होते.

वाहनाचा प्रश्न आपल्याला नवा नाही

वाचकहो, परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या काही आठवणी इंग्रजीत लिहून ठेवल्या आहेत. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने त्या प्रसिद्ध आहेत. त्यातल्या दोन आठवणी गाडीच्या आहेत.

पहिली १९०१ सालची. वडील गोरेगावला नोकरीस होते. त्यांना भेटायला लहानगा भीम, त्याचा भाऊ आणि बहिणीची मुले साताऱ्याहून निघाली आणि मसूर स्टेशनात उतरली. न्यायला कोणी आले नव्हते. पैसे होते, अंगावर चांगले कपडे होते, बैलगाड्याही उभ्या होत्या. पण जात कळल्यावर एकही गाडीवाला त्यांना बसवून घेईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले आणि तेही अशा अटीवर की गाडी पोरांनीच हाकायची, गाडीवाला पायी चालणार!

दुसरी आठवण १९२९ सालची, चाळीसगावची. बाबासाहेब तेव्हा बॅरिस्टर होते, सरकारने नेमलेल्या समितीचे सभासद होते. स्टेशनावरून वस्तीत न्यायला आलेल्या आपल्या लोकांना एकही टांगेवाला मिळेना. पाहुण्यांना पायी नेणे त्यांना कमीपणाचे वाटले. म्हणून टांगा भाड्याने घेतला आणि कधी लगाम न धरलेला आपल्यातलाच एक माणूस हाकायला बसला. नदीवरच्या मोरीवर टांगा उलटला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला.

या दोहोंच्या मध्ये महाडचा दुसरा सत्याग्रह येतो. दि. २४ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेब मुंबईहून सत्याग्रहींसह 'पद्मावती' बोटीने निघाले, कारण धरमतरच्या मोटारवाल्यांनी सत्याग्रहींना नेणार नाही असे ठरवले होते. बोट दासगावला लागली आणि तेथून महाडपर्यंत पाच मैल सगळे पायी चालत गेले.

चाळीसगावची गोष्ट मी लहानपणापासून भाषणांत ऐकत आलो. ऐकताना राग यायचा तो टांगेवाल्यांचा. त्या रात्री पहिल्यांदा माझे लक्ष हाकणाऱ्या माणसाकडे गेले. त्याची भक्ती कमी नव्हती, हिंमतही कमी नव्हती. त्याला फक्त हाकता येत नव्हते, कारण हाकायला शिकावे असे वाहन त्याच्या दारात कधी उभेच राहिले नव्हते. वाहन मिळाले म्हणजे मान मिळतो, पण जीव राखायचा तर ते वाहन हातात बसलेले असावे लागते. सकाळी मी मुलीला सांगितले, "गाडी घेऊ. पण तू ती खोलायला आणि जोडायला शिकणार असशील तरच."

चकाकते ते सोडले

डांबरी रस्त्यावर आणि कच्च्या वाटेवर दोन्हीकडे चालेल अशा गाडीला इंग्रजीत ड्युअल स्पोर्ट म्हणतात. पुढचे चाक मोठे, शॉकअप लांब, पोट जमिनीपासून उंच, मडगार्ड चाकापासून वर, हँडल रुंद. आपल्याकडे अशा गाड्या फार निघाल्या नाहीत. रॉयल एनफिल्डची हिमालयन २०१६ साली आली; ती ४११ सीसीची, वजनाला भारी. हिरोची एक्सपल्स २०१९ साली आली. त्याआधी २०११ साली हिरोने इम्पल्स नावाची १४९ सीसीची गाडी काढली होती. ती फार खपली नाही आणि काही वर्षांत बंद झाली, पण डोंगरात फिरणारे लोक आजही तिला शोधत असतात. जमिनीपासूनची उंची २४५ मिलिमीटर, म्हणजे साडेनऊ इंचांहून थोडी जास्त. वजन १३४ किलोच्या आसपास. इंजिन हंक, सीबीझेड एक्स्ट्रीम यांच्याच कुळातले, त्यामुळे इंजिनाचे सामान मिळते; प्लास्टिकचे भाग, टाकी, मागचा शॉकअप यांसाठी मात्र शोधाशोध करावी लागते. आमच्या चाळीस हजारांच्या पुंजीत हीच बसण्यासारखी होती.

पहिली गाडी एका व्यापाऱ्याकडे पाहिली. आम्ही पोहोचलो तेव्हा ती नवरीसारखी सजवून उभी होती. नवा रंग, नवी सीट. मी इंजिनाला हात लावला तर ते गरम होते. आम्ही येण्याआधीच कोणीतरी ती चालू करून ठेवली होती. थंड इंजिन कसे चालू होते ते पाहायचे असते. गरम इंजिन आपले दुखणे सांगत नाही. मग हँडलच्या मानेवरचा चासी नंबर पाहिला. त्या जागेवर रंग जाड होता आणि त्याखाली कानस फिरवल्यासारखे ओरखडे होते. मी कागदावर पेन्सिल घासून छाप घेतली, तर दोन आकडे उठेचनात. व्यापारी म्हणाला, "काका, आरटीओचे मी बघून घेतो." मुलगी एव्हाना गाडीवर बसून आरशात स्वतःला पाहत होती. तिला उतरवताना मला वाईट वाटले, पण उतरवले. चासी नंबर जुळत नसेल तर गाडी फुकटही घेऊ नये. ती चोरीची निघाली तर पोलीस दारात येतात, आणि आपल्या वस्तीत पोलीस दारात आले की शेजारी काय बोलतात हे वाचकांना मी सांगायला नको.

धुळीने भरलेली गाडी

दुसरी गाडी शिवण्यात मिळाली. एक गृहस्थ डोंगरात फिरण्यासाठी ती वापरत. वय झाले, कंबर धरली, म्हणून विकायची होती. गाडी धुळीने भरलेली, पण कागद एका पिशवीत नीट लावलेले. सर्व्हिसच्या पावत्यांवर तारखा होत्या, किलोमीटर होते. तेथे मी मुलीला एकेक गोष्ट तिच्याच हाताने तपासायला लावली. वाचकांनाही उपयोग होईल म्हणून सांगतो.

थंड इंजिन चोक ओढून चालू करावे. सायलेन्सरातून निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल जाळते आहे असे समजावे. इंजिनातून साखळी खळखळल्यासारखा आवाज आला तर टायमिंग चेन सैल झालेली असते. पुढच्या शॉकअपच्या नळ्यांवर बोट फिरवावे. तेलाचा ओघळ लागला तर ऑइल सील गेले. पुढचे चाक वर उचलून हँडल हळूहळू फिरवावे. मध्यावर अडखळले तर कोनसेट बदलावा लागेल. मागचे चाक धरून डावी-उजवीकडे हलवावे. खटखट लागली तर चिमट्याचे बुश झिजले. मागच्या गरारीवरची चेन बोटाने मागे ओढून पाहावी. दात उघडा पडला तर चेन आणि दोन्ही गराऱ्या एकत्रच बदलाव्यात. चाकाच्या तारांवर पान्याने हलकेच टकटक करावे. घट्ट तार खणकते, सैल तार बद्द वाजते. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी शाबूत दिसली तरी जुने रबर कडक होते आणि ओल्या रस्त्यावर घसरते. चासीच्या वेल्डिंगच्या जागा उजेडात नीट पाहाव्यात. केसासारखी चीर दिसली तरी परत फिरावे.

या गाडीचे एक ऑइल सील गळत होते, चेन संपली होती, दोन तारा तुटल्या होत्या. गाडी २०१२ सालची, तेव्हा वयाप्रमाणे एवढे होणारच. गृहस्थांनी यातले काही लपवले नाही, स्वतःहून दाखवले. आम्ही दुरुस्तीचा खर्च मांडला, तेवढा किमतीतून वजा केला आणि बत्तीस हजारांवर सौदा ठरला. उरलेले आठ हजार दुरुस्तीला राखून ठेवले. जुनी गाडी घेताना सगळी पुंजी किमतीत घालू नये, हे ध्यानात ठेवावे.

कागदांचे काम त्याच आठवड्यात केले. आरसी पुस्तकावर कर्जाचा बोजा नाही ना, दंडाच्या पावत्या थकल्या नाहीत ना, हे परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर पाहता येते. विकणाऱ्याचा फॉर्म २९, हस्तांतराचा फॉर्म ३०, विमा, पीयूसी. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. विमाही आपल्या नावावर करून घ्यावा. नाव न बदलता गाडी चालवत राहणारे पुष्कळ आहेत. अपघात झाला की मग धावतात. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते, म्हणजे २०२७ साली आमच्या गाडीला तपासणी करून पुन्हा नोंदणी घ्यावी लागते. तो खर्चही आधीच धरला. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना महाराष्ट्रात नवी सुरक्षा नंबरपाटी सक्तीची आहे, तीही बसवली. मुलीचा परवाना बिनगिअरच्या स्कूटरचा होता. तिने गिअरचा काढला.

अप्रमाद

पहिले दोन महिने आमच्या घरासमोरच्या ओट्यावर दर रविवारी गॅरेज भरले. सीट ८४० मिलिमीटर उंच, मुलीचे पाय पुरेसे टेकेनात. गादीवाल्याकडून आतला स्पंज थोडा कापून घेतला. सील आणि कोनसेट मिस्त्रींकडे केले, पण तिला शेजारी उभे करून. बाकीचे तिने केले. इंजिन ऑइल दर तीन हजार किलोमीटरला बदलायचे. चेन दर पाचशे किलोमीटरला पुसून तेल द्यायचे, आणि चिखलातून आली तर त्याच संध्याकाळी. एअर फिल्टर धुळीच्या दिवसांत महिन्याला उघडून साफ करायचा, कारण या गाड्या धूळ पितात. क्लचच्या केबलमध्ये तेल सोडायचे. ओढा ओलांडला की पुढे लगेच दोन-चार वेळा हलका ब्रेक दाबून तो कोरडा करायचा. ऑइल दुधाच्या चहासारखे दिसले तर आत पाणी शिरले. गाडी चालू न करता आधी ते काढून टाकायचे.

आमच्या विहारात वर्षावासात धम्मपदाचे वाचन होते. त्याचा दुसरा वर्ग अप्पमादवग्ग, म्हणजे गाफील न राहण्याचा. यंदा तो वर्ग ऐकताना मुलगी माझ्याकडे पाहून हसली. संस्कार अनित्य आहेत हे रबरी सीलइतके स्पष्ट कोणी शिकवत नाही! पण अनित्य आहे म्हणून सोडून द्या असे तथागतांनी सांगितले नाही. म्हणूनच जागे राहा असे सांगितले.

तिच्या आईचा विरोध एका पावसाळी रात्री संपला. कड्याखालच्या वाडीत एका बाळंतिणीला त्रास होऊ लागला होता. मुलगी चिखलातून वेळेवर पोहोचली आणि तिने रुग्णवाहिका डांबरी रस्त्यापर्यंत बोलावून घेतली. दुसऱ्या दिवशी हिने स्वतः बादली आणि फडके घेऊन गाडी धुतली. मला म्हणाली, "नुसते बघत काय बसलात, चेनला तेल द्या."

दासगाव

गेल्या २५ डिसेंबरला, मनुस्मृती दहन दिनी, आम्ही बापलेक त्या गाडीवर महाडला गेलो. मी आयुष्यात पहिल्यांदा मुलीच्या मागे बसलो. पहाटे वारज्याच्या पुलावर चढलो, कात्रजचा नवा बोगदा, खेड शिवापूर, कापूरहोळला उजवीकडे वळून भोर. पुढे नीरा-देवघर धरणाच्या पाण्यावर धुके होते. हिरडोशीनंतर वरंधा घाट लागतो. पावसाळ्यात येथे दरडी कोसळतात आणि घाट बंदही ठेवतात. डिसेंबरात रस्ता कोरडा, पण जागोजागी उखडलेला. मुलगी वळणाआधी गिअर खाली घेई आणि इंजिनाच्या जोरावर उतरे, ब्रेक तापू देत नव्हती. मी मागे बसून आधी तिचा खांदा घट्ट धरला होता, वाघजाईजवळ कधी सोडला ते कळले नाही.

महाडला न थांबता आम्ही आधी दासगावला गेलो. खाडीचे पाणी शांत होते. येथे बोट लागली, येथून ते चालू लागले. मी मुलीला तेवढेच सांगितले. परत निघालो आणि अर्धा मैल जातो न जातो तोच मागचे चाक डुलू लागले. खिळा!

रस्त्यालगत दुकान नव्हते. महाडकडे निघालेली निळ्या झेंड्यांची एक जीप थांबली. आतल्या तरुणांनी "जयभीम काका" म्हटले आणि टेम्पो बोलावू का म्हणून विचारले. मुलीने "जयभीम दादा, सामान आहे आमच्याजवळ" म्हणून डिकीसारखी बांधलेली पिशवी सोडली. इंजिनाखाली दगड रचून मागचे चाक अधांतरी केले, चेन ओढणाऱ्या दोन्ही पट्ट्यांच्या खुणा ध्यानात ठेवल्या, नट सोडला, चेन उतरवली, चाक काढले. ट्यूबला ठिगळ लावले आणि घाईत टायर चढवताना लोखंडी पट्टीने तीच ट्यूब दुसरीकडे चिमटली. हवा भरली, फुस्स झाली. ती एक शब्द बोलली नाही. पुन्हा सगळे काढले, दुसरे ठिगळ लावले. या वेळी थोडी हवा भरून मग टायर चढवला, म्हणजे ट्यूब पट्टीखाली येत नाही. त्या तरुणांपैकी दोघे उतरून पंप मारायला लागले. एकाने तिला विचारले, "ताई, हे कोणी शिकवले?" तिने माझ्याकडे बोट दाखवले, पण त्या चिमटलेल्या ट्यूबने जे शिकवले ते मी शिकवले नव्हते.

तासाभराने काळेकुट्ट हात घेऊन आम्ही पाच मैलांची ती वाट चालू लागलो. म्हणजे गाडीवरच, पण सावकाश. क्रांतिस्तंभाला वंदन केले, मग चवदार तळ्यावर गेलो. त्याच तळ्याचे पाणी दि. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले होते. मुलीने तळ्याच्या पायरीवर बसून हात धुतले. ऑइलचा काळेपणा काही पुरता निघाला नाही.

आपल्या मुलामुलींना वाहन घेऊन देताना, नवे असो की जुने, कागद त्यांच्या नावावर करा आणि पाना त्यांच्या हातात द्या. किल्ली तेवढी सगळ्यात शेवटी द्या.

जयभीम!